दादरला एक तिकीट, घाटकोपरला दोन

डोंबिवलीहून अंधेरीला जायचं असेल तर तिकीट खिडकीवर ‘अंधेरी, व्हाया दादर’ एवढंच सांगावं लागतं. एक तिकीट मिळतं. दादरला मध्य रेल्वेच्या गाडीतून उतरायचं, पूल चढायचा आणि पलीकडे पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची. या दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं वेगळी, महाव्यवस्थापक वेगळे, वेळापत्रकं वेगळी. तरी भाडं लागतं ते डोंबिवली ते अंधेरी अशा सलग अंतराचं. मासिक पासही तसाच सलग निघतो. त्या पैशात मध्य रेल्वेचा वाटा किती आणि पश्चिम रेल्वेचा किती, ते त्यांचं ते बघून घेतात.

आता हाच प्रवास घाटकोपरमार्गे करून बघा. लोकलमधून घाटकोपरला उतरायचं, पूल चढून पश्चिमेकडच्या मेट्रो १ च्या स्थानकात शिरायचं आणि तिथून थेट अंधेरी. दादरपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येण्याचा वळसा वाचतो. पण इथे दुसरं तिकीट काढावं लागतं, त्यासाठी दुसरी रांग किंवा दुसरं ॲप, आणि भाड्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. लोकलचा पास खिशात असला तरी मेट्रोच्या गेटला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

गंमत नव्हे, अन्याय आहे हा. दादरच्या पुलांवरची गर्दी कमी व्हावी म्हणून तर पूर्व-पश्चिम जोडणारी मेट्रो आपण बांधली. जून २०१४ मध्ये ती सुरू झाली, आणि आज रोज चार लाखांहून जास्त लोक तिच्यातून जातात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा जो माणूस दादरला न जाता घाटकोपरला उतरतो, तो सगळ्या शहरावरचा ताण हलका करतो. आपली भाडेपद्धती नेमका त्यालाच भुर्दंड लावते, आणि जो आणखी एक माणूस होऊन दादरच्या जिन्यावर कोंबला जातो त्याला एका तिकिटाची सोय देते.

माझं म्हणणं असं की, मध्ये गाडी बदलली म्हणून प्रवास दोन होत नाहीत, म्हणून भाडंही दोनदा सुरुवातीपासून मोजलं जाऊ नये. मुंबईत इतकी वर्षं ‘एक कार्ड’ या घोषणेभोवती चर्चा फिरते आहे. कार्ड हवंच, पण त्यानं पैसे देणं सोपं होतं, एवढंच. घाटकोपरला, अंधेरीला, मरोळ नाक्याला गाडी बदलणाऱ्याला जे हवं आहे ते एक भाडं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

हा फरक नीट कळायचा तर भाडं कसं ठरतं ते पाहावं लागेल. बहुतेक वाहतूक सेवांमध्ये पहिले काही किलोमीटर सर्वांत महाग पडतात आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा खर्च उतरत जातो. मेट्रो १ चं भाडं १० रुपयांपासून सुरू होतं आणि वर्सोवा ते घाटकोपर या पूर्ण ११.४ किलोमीटरना ४० रुपये होतं. आरे ते कफ परेड धावणाऱ्या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो ३ चं भाडं १० ते ७० रुपये. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट अजूनही ५ रुपयांचंच आहे. एका गाडीत बसून राहिलात तर ही महाग सुरुवात एकदाच सोसावी लागते. उतरून दुसरी पकडलीत की ती पुन्हा सोसावी लागते.

कळव्याहून सीप्झला, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या उद्योगक्षेत्रात, कामाला जाणाऱ्याचं उदाहरण घ्या. घाटकोपरपर्यंत लोकल, मरोळ नाक्यापर्यंत मेट्रो १, तिथून मेट्रो ३. मरोळ नाका ते सीप्झ म्हणजे दोन स्थानकांचं अंतर, पण त्यासाठी नव्यानं किमान १० रुपये. मेट्रो १ हीच वळण घेऊन सीप्झकडे गेली असती तर तेवढ्या अंतरासाठी त्याच्या भाड्यात फार तर एका टप्प्याची भर पडली असती. रेघ नकाशावर कुठे संपवायची आणि दुसरी कुठे सुरू करायची, हे त्या माणसानं ठरवलेलं नाही. ते ठरवलं नियोजनकारांनी, अभियंत्यांनी, निधी देणाऱ्यांनी. त्याची किंमत मात्र तो रोज जाता-येता भरतो. नाहीतर तो शेअर रिक्षा करतो, आणि आपण पुन्हा विचारत बसतो की हजारो कोटी खर्चून मेट्रो बांधली तरी रस्ते मोकळे का होत नाहीत.

कार्डाच्या बाबतीत मुंबईनं कमी प्रयत्न केलेले नाहीत. २००७ च्या सुमारास ‘गो मुंबई’ नावाचं कार्ड आलं होतं, लोकल आणि बेस्ट दोन्हींसाठी. ते काही वर्षांतच गुंडाळलं गेलं. मार्च २०१९ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्डाची सुरुवात झाली: देशभर कुठल्याही बसला, मेट्रोला चालेल असं रुपे कार्ड. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो २अ आणि ७ पूर्ण सुरू झाल्या तेव्हा त्याच धर्तीचं ‘मुंबई १’ कार्ड आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोहोचली त्याच दिवशी ‘मुंबई वन’ ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या परिवहन सेवा धरून ११ सेवांची तिकिटं त्यात एकत्र काढता येतात. हे चांगलं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण त्या ॲपवर दोन-तीन सेवांचा जोडप्रवास निवडला की जी रक्कम दिसते ती सगळ्या भाड्यांची साधी बेरीज असते. तीन रांगांच्या जागी एकदा बोट टेकवलं, इतकाच बदल. खिशातून जायचे ते पैसे तेवढेच जातात.

एक कार्ड आलं की एक भाडं आपोआप येईल, ही समजूत किती चुकीची आहे ते हाँगकाँगच्या उदाहरणावरून दिसतं. तिथलं ऑक्टोपस कार्ड सप्टेंबर १९९७ मधलं, सार्वजनिक वाहतुकीतल्या जगातल्या पहिल्या मोठ्या यशस्वी कार्डांपैकी एक. शहरात तेव्हा दोन रेल्वे कंपन्या होत्या, एमटीआर आणि केसीआर, आणि हे कार्ड दोन्हींकडे चालत असे. तरी कौलून टाँगसारख्या स्थानकावर एका कंपनीच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत जाताना मध्ये गेट लागायचं आणि भाडं नव्यानं सुरू व्हायचं. त्याच कार्डावर, त्याच छताखाली. हे चाललं थेट २ डिसेंबर २००७ पर्यंत. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचा कारभार एकत्र आला आणि दुसऱ्यांदा चढण्याचं हे वेगळं भाडं बंद झालं. मधली गेटंही पुढच्या वर्षी काढून टाकली. दहा वर्षं कार्ड तेच होतं. बदलला तो पैसे वाटून घेण्याचा करार.

याची दुसरी बाजू हँबुर्गला दिसते. १९६५ मध्ये तिथल्या वाहतूक कंपन्यांनी एकत्र येऊन एक परिवहन संघ स्थापन केला, जगातला अशा प्रकारचा पहिला. बस, भुयारी रेल्वे, उपनगरी रेल्वे सगळ्यांना एक भाडं, एक तिकीट. तेव्हा ना चिप होती, ना गेटवर टेकवायचं कार्ड. छापील कागदावर त्यांनी हे जमवलं. आपणही दादरला कागदी पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या काळापासून तेच करत आलो आहोत. म्हणून तंत्रज्ञान तयार नाही, अजून वेळ लागेल, ही सबब मला मान्य नाही.

सिंगापूरनं २०१० च्या जुलैत आणखी स्पष्ट पाऊल टाकलं. तोपर्यंत तिथेही प्रत्येक चढण्याला मूळ भाडं लागायचं आणि गाडी बदलल्याबद्दल थोडी सूट मिळायची. मग त्यांनी सरळ अंतरच मोजायला सुरुवात केली. घर ते कार्यालय किती किलोमीटर, त्याचे पैसे. मध्ये बस बदला, मेट्रो बदला, ठरावीक वेळेत बदललीत तर मोजणी सलग चालू राहते. हे करायला कार्ड लागतंच, कारण पहिली बस कुठे आणि कधी पकडली हे यंत्राला माहीत असावं लागतं. कार्डाचा खरा उपयोग इथे आहे. कार्ड प्रवास लक्षात ठेवू शकतं, छापील तिकिटाला ते इतक्या बारकाईनं जमत नाही. आणि आपण कार्डाकडून हेच काम सोडून बाकी सगळं करून घेतो आहोत.

आपल्या राष्ट्रीय कार्डाची रचनाही या कामाला पुरेशी आहे. त्याच्या चिपवर बँक खात्यापेक्षा वेगळं असं पाकीट असतं, ज्यात २,००० रुपयांपर्यंत रक्कम राहते. गेटवर टेकवलं की नेटवर्क नसतानाही क्षणात पैसे वळते होतात. त्याशिवाय वाहतूक सेवांना आपापली माहिती, म्हणजे पास, सवलत, शेवटचा प्रवास, लिहायला चिपवर जागा राखून ठेवलेली आहे. लोकलचा पास तिथे नोंदवता येईल. मेट्रोचं गेट तो वाचू शकेल. ‘हा प्रवासी आत्ताच घाटकोपरला उतरला आहे, याचं भाडं पुढे मोजा’ एवढं गेटला शिकवणं हे अभियंत्यांचं काम आहे आणि ते त्यांना जमेल. त्याआधी कोणाला किती रुपये मिळणार हे ठरायला हवं, आणि ते ठरवणारे लोक एका टेबलावर बसत नाहीत. लोकलचं भाडं रेल्वे मंत्रालय ठरवतं. मेट्रोचं भाडं २००२ च्या मेट्रो रेल्वे कायद्याखालच्या भाडेनिश्चिती समितीकडे जाऊ शकतं. बेस्टचा कारभार महापालिकेशी बांधलेला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं मोठ्या शहरांना एकछत्री वाहतूक प्राधिकरण स्थापन करायला सांगितलं होतं, ते याचसाठी. त्याला वीस वर्षं होत आली.

गर्दीच्या स्थानकात कार्ड फोनपेक्षा बरं का, हा प्रश्नही टाळायला नको, कारण ‘सगळ्यांकडे यूपीआय आहे, कार्ड कशाला’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. सकाळी फास्ट लोकल रिकामी झाली की घाटकोपरच्या पुलावर एकाच वेळी शेकडो माणसं येतात. त्या लोंढ्यात प्रत्येकानं फोन काढायचा, कुलूप उघडायचं, ॲप उघडायचं, क्यूआर शोधायचा, पडद्याचा उजेड वाढवायचा आणि गेटच्या काचेसमोर धरायचा. एकाचा फोन अडकला की मागची रांग अडकते. कार्ड पाकिटातून न काढताही टेकवता येतं. शिवाय ज्यांच्याकडे चांगला फोन नाही, ज्यांचा चार्ज संध्याकाळी संपलेला असतो, ज्यांना लहान अक्षरं वाचता येत नाहीत, तेही याच शहरात काम करतात. घरकामाला जाणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, वयस्कर माणसं. फोनवाल्यांना फोन असू दे. पण व्यवस्था फोन नसलेल्याला समोर ठेवून बांधली तर ती सगळ्यांना पुरते.

कार्डातही दोष आहेत आणि ते दूर करायला हवेत. ऑनलाइन पैसे भरले तरी ते चिपवर उतरवायला पुन्हा यंत्राला किंवा खिडकीवर कार्ड लावावं लागतं, म्हणजे रांग टाळायला घेतलेल्या कार्डासाठी रांग. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. गाडी बदलताना टेकवायचं राहून गेलं, किंवा यंत्रानं नोंद घेतलीच नाही, तर भुर्दंड कोणी सोसायचा? लंडनमध्ये काही स्थानकांवर गुलाबी रंगाची यंत्रं आहेत, हायबरी अँड इझलिंग्टन, गॉस्पेल ओक वगैरे ठिकाणी. शहराच्या मध्यभागातून न जाता बाहेरच्या मार्गानं प्रवास केला तर भाडं कमी लागतं, पण तसं केल्याचं यंत्राला कळावं म्हणून गाडी बदलताना तिथे कार्ड टेकवायचं असतं. ज्याला हे माहीत नाही त्याचे पैसे जास्त कापले जाऊ शकतात. प्रवास अर्धवट नोंदला गेला तर कमाल भाडं लागतं. तिथली यंत्रणा काही चुका आपोआप दुरुस्त करून पैसे परतही देते, हे खरं. तरी गुलाबी यंत्रासारखी सोय आपल्याकडे आणताना उलटा नियम हवा: शंका असेल तिथे कमीत कमी भाडं कापावं. मरोळ नाक्याच्या सरकत्या जिन्यांवर माणूस घाईत असतो, त्यानं नियमावली वाचलेली नसते. यंत्रणेची गुंतागुंत समजून घेणं हे त्याचं काम नव्हे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप लोकलबद्दलचा असतो, आणि तो रास्त आहे. लोकलच्या स्थानकांना गेट नाहीत, आणि सकाळच्या गर्दीत ती बसवणं धोक्याचं ठरेल. मग कोण कुठून चढला हे कळणार कसं? उत्तर पासामध्ये आहे. घाटकोपरला उतरणाऱ्या नोकरदारांतले बहुसंख्य पासधारक असतात. त्यांचा प्रवास महिन्याभरासाठी आधीच ठरलेला आहे, त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. ज्याच्या पासावर घाटकोपर आहे त्याला मेट्रोत सुरुवातीच्या टप्प्याचं भाडं कमी लावायचं, एवढंच करायचं आहे. त्यासाठी लोकलच्या एकाही फलाटावर एकही गेट लागत नाही.

दुसरा आक्षेप तोट्याचा. मेट्रो १ खासगी भागीदारीतून उभी राहिली, तिच्या भाड्यावरून आधीच मोठा वाद झालेला आहे. २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीनं १० ते ११० रुपये भाड्याची शिफारस केली होती, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि भाडं ४० रुपयांच्या आतच राहिलं. अशा कंपनीला आणखी सूट द्यायला सांगणं कसं परवडेल? मी हे नाकारत नाही की सुरुवातीला कोणाचं तरी उत्पन्न घटेल. ते सरकारनं उघडपणे भरून द्यावं. महाराष्ट्र सरकारला हे नवीन नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. त्या निर्णयानं बायका खेड्यापाड्यांतून बाहेर पडल्या, एसटीत गर्दी वाढली. जे एसटीसाठी शक्य झालं ते गाडी बदलणाऱ्या मुंबईकरासाठीही शक्य आहे, आणि त्यातून मिळणारा फायदा फक्त त्या प्रवाशाचा नाही. दादरला एक माणूस कमी म्हणजे दारात लटकणारा एक माणूस कमी. मुंबईच्या लोकलवर दरवर्षी किती माणसं पडून, चिरडून मरतात हे माहीत असलेल्या कोणालाही याची किंमत समजावून सांगायला नको.

पासाबद्दल आणखी एक सांगायला हवं. लोकलचा मासिक पास ही या शहरानं कष्टकऱ्यांना दिलेली फार मोठी गोष्ट आहे. रोज तिकीट काढण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. पण तो घ्यायला महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असावे लागतात. नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्याकडे ते नसतात, आणि पुढच्या आठवड्यात काम कुठे मिळेल हेही त्याला माहीत नसतं. म्हणून जो सर्वांत गरीब, तोच सुटं तिकीट काढतो आणि सर्वांत महाग प्रवास करतो. कार्ड हे बदलू शकतं. लंडनमध्ये दिवसाला आणि आठवड्याला ठरावीक रकमेपर्यंतच पैसे कापले जातात, त्यापुढचा प्रवास मोफत. म्हणजे पास आगाऊ विकत न घेता, जसजसा प्रवास होईल तसतसा तो आपोआप मिळतो. मुंबईत मेट्रोच्या स्वतःच्या सवलती आहेत, अमुक फेऱ्यांना अमुक टक्के वगैरे, पण त्या आगाऊ पैसे भरणाऱ्याला आणि आपल्याच मार्गापुरत्या. लोकल, मेट्रो, बस मिळून आठवड्याची एक कमाल मर्यादा ठरली तर रोजंदारीवरच्या माणसाला पासधारकाइतकाच मान मिळेल. माझ्या मते हा या सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि ज्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे त्यांना बैठकीला कोणी बोलावत नाही.

हे आत्ताच का करायचं, तर वडाळा-कासारवडवली मेट्रो ४, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची मेट्रो ६ अशी पुढची कामं चालू आहेत आणि त्यांच्यामुळे गाडी बदलण्याची स्थानकं वाढतच जाणार आहेत. मार्ग सुरू झाल्यावर प्रत्येक सेवा आपलं उत्पन्न धरून बसते, मग एक रुपया सोडायलाही वर्षं जातात. उद्घाटनाआधीच करारात सामायिक भाड्याचं कलम घालता येतं. आणि सुरुवातीला एक काम तर उद्याच करता येईल. कोणत्या स्थानकावर रोज किती कार्डं आणि क्यूआर तिकिटं एका सेवेतून दुसरीत जातात, हे आकडे सेवांच्या संगणकात पडून आहेत. प्रवाशांची नावं, क्रमांक गाळून ते दर महिन्याला जाहीर करा. घाटकोपर, अंधेरी, मरोळ नाका, गुंदवली, सीएसएमटी, स्थानकवार आणि तासवार. पहिल्या टप्प्याचं भाडं माफ केलं तर नेमके किती कोटी लागतील याचा हिशेब मग विधिमंडळात मांडता येईल, आणि नको म्हणणाऱ्यालाही आकड्यानंच उत्तर द्यावं लागेल.